जुने पॅड फेकू नका, गॅरेजवाल्याकडून मागून घ्या

पावसाळा संपला की आमच्याकडे ब्रेकची पत्रं यायला लागतात, हे दरवर्षीचंच. पण यावेळी एकच तक्रार सारखी सारखी आली, की पॅड (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात त्या पट्ट्या) एकसारखे झिजत नाहीत, एक पार संपतो आणि शेजारचा नव्यासारखा राहतो. म्हणून बाकीचे प्रश्न (तो सीएनजीच्या वासाचा पण, नाशिकच्या काकांनी तीनदा पाठवलाय, पुढच्या महिन्यात नक्की घेतो काका) बाजूला ठेवलेत, या अंकात फक्त ब्रेक.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, ४६ हजार किलोमीटर झालेत. चिपळूणला राहतो, महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढून कराडवरून पुण्याला जाणं होतं. ३१ हजारला पुढचे पॅड बदलले होते. ४४ हजारला डाव्या चाकातून खर्रर्र असा लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला. उघडलं तर डावीकडचा आतला पॅड संपून नुसता पत्रा डिस्कवर घासत होता, डिस्कवर नख अडकेल अशा खोल रेघा. पण त्याच चाकाचा बाहेरचा पॅड ५-६ मिलिमीटर शिल्लक, उजवीकडचे दोन्ही पण साधारण तेवढेच. गॅरेजमध्ये म्हणाले तुम्ही घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरता म्हणून झालं. चारही पॅड आणि डावी डिस्क नवीन टाकली. आता २ हजार किलोमीटर पण नाही झाले तर डावं चाक परत तापतंय, जळका वास येतो आणि त्याच चाकाच्या अलॉय रिमवर काळी पूड जास्त बसते. माझ्या चालवण्यात खरंच एवढं चुकतंय का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : चालवण्यात चुकत असेलही, पण त्याचा या भानगडीशी काही संबंध नाही. पाय तुमचा एक, पेडल एक, आणि पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेक ऑइलचं प्रेशर सारखंच जातं. घाटात पाय दाबून उतरला असता तर चारही पॅड सोबतच संपले असते. चारातला एकच संपला म्हणजे गडबड त्या एका चाकात आहे, आणि ती न शोधता वर नवीन माल चढवलाय, म्हणून २ हजारात पाढे पंचावन्न.

आता आत काय चालतं ते बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की जुने पॅड हातात घेऊन तुम्हीच सांगाल काय झालंय. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकात जो कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा लोखंडी चिमटा) असतो त्यात पिस्टन, म्हणजे ऑइलच्या प्रेशरने पुढे सरकणारा दट्ट्या, एकच असतो, आणि तो आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर रेटतो. बाहेरच्या पॅडला ढकलायला कुणीच नाहीये. आतला पॅड डिस्कला टेकला की त्याच जोराने अख्खा कॅलिपर उलट, आतल्या बाजूला सरकतो आणि सरकताना बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ओढून आणतो, चिमट्यासारखं. हे सरकणं होतं दोन गुळगुळीत पिनांवर, ज्या रबरी टोप्यांच्या आत ग्रीसमध्ये असतात. आणि पाय उचलल्यावर पिस्टनला मागे घेतं कोण? स्प्रिंग नसते तिथे. पिस्टनभोवती चौकोनी कडेचं एक रबरी सील असतं, ब्रेक दाबताना ते पिस्टनसोबत थोडं पिळलं जातं आणि पाय सोडला की आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढंच, सगळा खेळ त्या केसभर अंतराचा आहे.

म्हणजे तुमच्या केसमध्ये आतला पॅड संपला आणि बाहेरचा शाबूत, याचे मुख्य अर्थ दोन निघतात. एक तर पिस्टन मागे येत नाहीये, आतला पॅड दिवसभर डिस्कला चिकटून घासतोय. नाहीतर पिना इतक्या जाम झाल्यात की कॅलिपर सरकतच नाही आणि सगळं काम एकटा आतला पॅड करतोय. उलटं झालं असतं, म्हणजे बाहेरचा पॅड संपून आतला राहिला असता, तर मी डोळे झाकून पिना म्हणालो असतो, कारण तेव्हा पिस्टन मागे येतो पण कॅलिपर परत सरकत नाही आणि बाहेरचा पॅड घासत राहतो.

तपासायचं कसं, तर सुरुवात घरूनच करा. सपाट रस्त्यावर १०-१५ किलोमीटर चालवा, ब्रेक जमेल तितका कमी मारा, शेवटी गिअर उतरवत गाडी थांबवा आणि दोन्ही चाकांची गरमी बघा. लांबून तापमान दाखवणारी ती बंदुकीसारखी वस्तू मिळते ती असेल तर उत्तम, नसेल तर हाताची मागची बाजू अलॉयच्या जवळ नेऊन अंदाज घ्या, डिस्कला हात लावू नका, सुट्टी घ्यावी लागेल. (आमच्याकडच्या एका पोराने लावला होता, तर्जनीवर अजून डाग आहे.) दोन चाकांत ठळक फरक वाटला की पुढचं काम जॅकवर. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी न्यूट्रलला, आणि जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड पाहिजेच.

चाक हाताने फिरवा. थोडं सूं सूं घासणं नॉर्मल आहे, त्याने घाबरू नका. आता कुणाला तरी आत बसवून ब्रेक एकदा जोरात दाबायला आणि सोडायला सांगा आणि लगेच परत फिरवून बघा. चाक जड झालं, सुटत नाहीये, असं दिसलं की त्याच स्थितीत कॅलिपरच्या मागचा एअर काढायचा निपल पाव आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळं झालं, तर तुमचा कॅलिपर निर्दोष आहे, आत प्रेशर अडकून राहतंय. एकाच चाकाला असं होत असेल तर चोर म्हणजे तो लवचिक रबरी पाइप. बाहेरून टणटणीत दिसतो पण आतून फुगून त्याची वाट बारीक होते, दाबलेलं ऑइल पुढे जातं आणि परत येताना अडकतं. हे गॅरेजमध्ये हमखास सुटतं कारण पाइप बाहेरून चांगला दिसतो ना. दोन्ही पुढची चाकं अशी अडकत असतील तर मग नजर मास्टर सिलिंडरकडे (पेडलने ऑइल दाबणारा मुख्य पंप) न्या. आणि निपल सोडून पण चाक जडच राहिलं, तर मात्र काहीतरी खरोखर अडकलंय, पिस्टन किंवा पिन किंवा पॅड स्वतःच. निपल उघडला म्हणजे नंतर एअर काढून, ऑइलची लेव्हल बघून, पेडल टणक लागतंय याची खात्री केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

मग खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पिना दोन बोटांनी आतबाहेर झाल्या पाहिजेत. पक्कड लागली तर त्या जाम आहेत, विषय संपला. पिन बाहेर काढल्यावर तांबूस गंज आणि सुकून खडा झालेलं ग्रीस दिसेल, आणि नव्वद टक्के वेळा तिची रबरी टोपी कुठेतरी फाटलेली असते, तिथून पाणी गेलेलं असतं. पिनांत काही नाही निघालं तर सी क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे दाबून बघा (आधी बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि लेव्हल बघा, ऑइल वर येऊन सांडतं आणि ते रंग खातं). एकसारख्या जोराने गेला तर बरा आहे. मध्येच अडतोय, झटक्याने जातोय, त्याच्या धुळीच्या टोपीखाली गंजाचे फोड दिसतायत, तर सीलचं किट टाकून भागतं का बघा, पिस्टनवरच खड्डे असतील तर नुसत्या किटचा उपयोग नाही, पिस्टन किंवा अख्खा कॅलिपर बदलायचा.

एक गोष्ट मला तुमच्या गावामुळे सुचतेय. २०२१ च्या जुलैतल्या पुरात चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. तुमची त्यातली असेल, किंवा सेकंडहँड घेताना कुणी सांगितलं नसेल, तर कॅलिपरच्या टोप्यांच्या आत तो गाळ अजून असू शकतो. इंजिन, सीट, वायरिंग सगळं सगळ्यांनी साफ केलं, कॅलिपर खोलून कुणी बघितलाय?

दुसरं एक, आणि हे मला मनापासून खटकतं. आपल्याकडे ब्रेकचं काम म्हटलं की पार्ट पेट्रोलने नाहीतर रॉकेलने धुवायची पद्धत आहे, आणि पिनांना तेच पिवळं ग्रीस चोपडतात जे बेअरिंगला लावतात. ब्रेकमधलं रबर वेगळ्या जातीचं असतं, त्याला ब्रेक ऑइल चालतं पण पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं की ते फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला करकचून धरतं, फुगलेलं रबर पिनेला धरतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच तक्रार. ३१ हजारला काम केलं तेव्हा असंच काही झालं असेल असा माझा अंदाज आहे, अंदाजच आहे, पण विचारून बघा कशाने धुतलं होतं. पिनांना सिलिकॉनवालं किंवा खास ब्रेकचंच ग्रीस, ते पण पातळ थर, भोक भरून नाही. भोकात ठासून ग्रीस भरलं की कोंडलेल्या हवेने पिन परत बाहेर ढकलली जाते, वरून काम अगदी झकास केलेलं दिसतं.

तुम्ही टॉर्च मारून अलॉयच्या फटीतून पॅड बघत होतात का माहीत नाही, पण बरेच जण बघतात आणि निर्धास्त राहतात. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागून वाकून बघावं लागतं, नाहीतर चाक काढावं लागतं. नवीन पॅडवर मटेरियल साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतं, ३ राहिलं की बदलायचं, आणि हे मोजायचं ते चारातल्या सगळ्यात पातळ पॅडवर, सरासरी काढायची नाही.

आणि डिस्क एकच बदललीत ते शक्यतो करू नका, पुढच्या दोन्ही सोबत बदलाव्यात. आता झालं ते झालं, पण कॅलिपरचं काम झाल्यावर डावे पॅड एकदा हातात घेऊन बघा. काचेसारखे चकचकीत झाले असतील, कडा भाजून पांढरट पडल्या असतील, तर ते गेले, परत नवीन सेट.

प्रश्न : ८०-९० च्या स्पीडला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, पायाला पण धडधड जाणवते. गॅरेजवाले म्हणतात डिस्क वाकलीय. दोनदा लेथवर मारून (मशीनवर घासून सपाट करून) आणली. दरवेळी ३-४ हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालते आणि मग परत सुरू. तिसऱ्यांदा मारायची का नवीनच टाकायची? मी रोज नाशिक-सिन्नर करते त्यामुळे हायवेचं रनिंग जास्त आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेलं ते ३-४ हजाराचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. डिस्क खरंच वाकलेली असती तर लेथवरून आणल्यावर सरळ झाली आणि मग हळूहळू परत वाकली असं कसं होईल? बिडाची तव्याएवढी जाड वस्तू ती, रोज सिन्नरला जाऊन येण्याने वाकत नाही.

होतं असं. डिस्क ज्या हबवर (चाकाचा मधला फिरणारा भाग) बसते तिथे गंजाचा किंवा घाणीचा एक पापुद्रा राहतो. तो केसाइतका पण असला तरी डिस्क हबवर सपाट न बसता किंचित तिरकी बसते आणि फिरताना डुलते. हायवेला ब्रेक न मारता जाताना पण तिचा तो पुढे आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला हळूच शिवून जातो. एका किलोमीटरला चाक पाचशेच्या वर फेरे मारतं, आता ३-४ हजार किलोमीटरचा हिशोब करा. त्या जागी डिस्क घासून घासून पातळ होते आणि बाकी ठिकाणी जाडच राहते. मग ब्रेक मारल्यावर पॅड जाड-पातळ, जाड-पातळ असा डिस्कवरून जातो, पिस्टन मागेपुढे होतो, ती धडधड तुमच्या पायाला आणि स्टिअरिंगला. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी माणसाला जाणवायला लागतं. लेथवर मारली की जाडी सारखी होते म्हणून गाडी लोण्यासारखी, पण हबवरचा गंज तिथेच, डिस्क परत डुलत बसवली, चक्र चालू.

म्हणून तिसऱ्यांदा लेथवर न्यायच्या आधी डिस्क काढून हबची बैठक तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने अगदी चकाचक करायला लावा, समोर उभ्या राहून, डिस्कची आतली बाजू पण. मग डिस्क बसवून चाकाचे नट लावून आवळायची (नटांखाली वॉशर घालून, चाक नसताना) आणि डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्याने दाखवणारं मीटर) लावून हळूहळू फिरवायची. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी हलला तर छान, बऱ्याच गाड्यांची लिमिट त्याच्याच आसपास असते, तुमच्या गाडीची नेमकी किती ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त हलला तर डिस्क हबवर एक-एक भोक पुढे फिरवून बसवून बघायची, कधीकधी हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकाला मारून टाकतो आणि काटा शांत होतो. कुठेच जमलं नाही तर हब किंवा बेअरिंगवर संशय. डायल गेज नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम करू नका, डोळ्याने ०.०५ कुणालाही दिसत नाही, कितीही जुना मिस्त्री असू दे.

जाडी मायक्रोमीटरने कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत आठ ठिकाणी मोजायची. आणि डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, गंज पुसून बघा. दोनदा लेथ झालाय म्हटल्यावर तुमची त्या आकड्याच्या जवळ गेली असणार. खाली गेली असेल तर तिसऱ्या लेथचा प्रश्नच नाही, नवीन जोडी.

अजून एक संशयित आहे आणि तो म्हणजे पंक्चरवाला. स्टेपनी लावताना एअर गनने टर्रकन एकेक नट आवळला जातो, एक जास्त, एक कमी, आणि डिस्क त्या ताणाने तिरकी बसते. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, शेवट टॉर्कच्या (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) पान्याने. आणि उतारावरून तापलेल्या ब्रेकने येऊन टोलनाक्याला पाय घट्ट दाबून उभं राहू नका, पॅडचं मटेरियल त्या एका जागी डिस्कवर छापलं जातं, तो डाग पण पुढे अशीच धडधड देतो. गाडी हलत्या रांगेत थोडी थोडी पुढे सरकत ठेवा. ब्रेक न मारता पण स्टिअरिंग थरथरत असेल तर मात्र हे सगळं विसरा आणि आधी व्हील बॅलन्सिंग करा.

प्रश्न : पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झिजलाय. कंपनी खराब म्हणायची का? मागच्या वेळी स्वस्तातले घातले होते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्वस्तातले घातलेत त्याबद्दल रागावणार होतो, पण हा गुन्हा त्यांचा नाही. दोन टोकांत एक-दीड मिलिमीटरचा फरक असला तर चालतो, पॅडचं डिस्क जिकडून येते ते टोक थोडं जास्त खाल्लं जातं. त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे कॅलिपर वाकडा सरकतोय, दोनपैकी एक पिन जाम आणि दुसरी मोकळी. एका बिजागरीवर गंज चढलेलं दार कसं तिरकं लागतं, तसं. आणि आणखी एक, ही चूक फार होते. बऱ्याच कॅलिपरमध्ये वरची आणि खालची पिन एकसारखी नसते, एकीच्या टोकाला रबराची बारीक बाही असते. काम करताना दोन्ही काढून एका ट्रेमध्ये टाकल्या आणि लावताना अदलाबदल झाली की संपलं.

क्लिपा पण बघा. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात, जुन्या वाकल्या म्हणून बरेच ठिकाणी न घालताच पॅड बसवतात, किंवा क्लिपेखाली गंज धरून ती वर फुगते आणि पॅडला खाचेतच आवळते. पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागला तर तो परत येणार कसा? मी स्वतः एकदा उन्हाळ्यात, घाई होती, ठोकून बसवले होते. सव्वा महिन्यात ग्राहक जळका वास घेऊन दारात. तेव्हापासून खाच फायलीने, खरं तर तारेच्या ब्रशने, साफ केल्याशिवाय हात लावत नाही.

प्रश्न : मी जहाजावर असतो, वर्षातले सहा-सात महिने गाडी मडगावला घराखाली उभी असते, जवळच समुद्र. यावेळी आलो तर पुढच्या दोन्ही डिस्क गंजून नारिंगी. चालवल्यावर गंज गेला पण हळू ब्रेक मारला की दर फेऱ्याला एक टक् टक् येतं. मागचं एक चाक तर सुटतच नव्हतं, ढकलून काढलं. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नारिंगी रंगाचं टेन्शन घेऊ नका, बीड आहे, मुंबईत तर एका रात्रीच्या पावसाने येतो आणि पहिल्या चार ब्रेकमध्ये जातो. टक् टक् म्हणजे जिथे पॅड महिनोन्महिने चिकटून होते तिथे पॅडच्या आकाराचा ठसा उठलाय, त्याच्याखाली गंजाने खड्डे पाडलेत. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये ब्रेकना थंड व्हायला वेळ, असं वीसेक वेळा करा. हलका ठसा असेल तर घासून जाईल. ३००-४०० किलोमीटरनंतर पण टक् टक् राहिलं तर लेथ, आणि जाडी बसत नसेल तर बदल.

पुढच्या वेळी जहाजावर जाताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे. तुमचं जे मागचं चाक सुटत नव्हतं ते लायनर (ड्रम ब्रेकमधले, पॅडचं काम करणारे तुकडे) ड्रमला चिकटल्यामुळे. ढकलून सुटलं हे नशीब, काही वेळा लायनरचं मटेरियल पत्र्यावरून उखडून ड्रमलाच राहतं. म्हणून ते चाक एकदा उघडून बघाच. आणि घरातल्या कुणाला तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवायला सांगता आली तर निम्मी कटकट मिटेल.

प्रश्न : मागच्या ड्रममध्ये दोन लायनरपैकी पुढचा जास्त झिजलाय. हे पण तुम्ही म्हणता तसं जाम झाल्यामुळे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही हो, हे नॉर्मल आहे. पुढे जाताना ड्रम पुढच्या लायनरला आपल्याकडे ओढून घेतो, मागच्याला आपल्यापासून लांब ढकलतो, म्हणून पुढचा जास्त काम करतो आणि आधी झिजतो. डाव्या-उजव्या चाकात फरक असेल तेव्हा काळजी करायची. मात्र आत तो आपोआप अॅडजस्ट होणारा दाता जाम झालाय का बघून घ्या, कारण मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिले की पुढच्या पॅडवर लोड येतो, हँडब्रेक वर वर यायला लागतो, आणि लोक केबल आवळून मोकळे होतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. इथल्या मेकॅनिकने ३० हजार मैलांवरच्या गाडीचे मागचे पॅड ब्रॅकेटमध्ये गंजून अडकलेत म्हणून सांगितलं. भारतात १५ वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं, फसवतोय का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : फसवत नसणार. तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तेच चिखलातून खाचांमध्ये जाऊन बसतं. थंडी संपली की दरवर्षी पॅड काढून खाचा साफ करून, पिनांना नवीन ग्रीस लावून घ्या. मागच्या चाकांना डिस्क आहे आणि केबलचा हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडला टाकायचा. यूट्यूब बघून स्वतः करायला बसाल म्हणून सांगून ठेवलं.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, ब्रेक जवळजवळ लागतच नाही, पाय उचलला की गाडी स्वतःच हळू होते. मग पॅड आयुष्यभर जातील ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मटेरियल जाईल हो बरीच वर्षं, पण आख्खा महिना न वापरलेल्या ब्रेकच्या पिना सुकतात, डिस्कचा गंज पुसायला कुणी येत नाही, आणि मग वर चिपळूणवाल्यांचं जे झालं तेच तुमचं वापर न करता होतं. घोडबंदरच्या मोकळ्या पट्ट्यात मागे कुणी नाही बघून, आठवड्यातून एकदा मोटरची ती ब्रेकिंगची लेव्हल कमीत कमी ठेवा आणि पेडलने चारपाच वेळा नीट ब्रेक मारा. ब्रेक ऑइल मात्र इलेक्ट्रिक असली तरी दर दोन वर्षांनी बदलायचं, ते गाडी चालली काय आणि उभी राहिली काय, हवेतलं पाणी ओढतच असतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं नवीन ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तीच हमी १५५ वर येते. सर्व्हिस सेंटरला पॅड ठीक आहेत म्हणाले तर विचारा, आतले बघितले का.